सूनबाईचं अगंबाई

आमच्या सूनबाईला आनंद झाला, भीती वाटली, दिवे गेले, दिवे आले, काहीही झालं तरी तोंडातून शब्द एकच निघतो: अगंबाई! लग्न होऊन घरात आली त्या दिवशी मी नुसता शिंकलो, तर म्हणाली, अगंबाई. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पुढे सवय झाली. आता उलट बराच वेळ आवाज आला नाही तर मीच विचारतो, "काय गं, बरं आहे ना?"

ही सूनबाई आधी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. काचेला एक गोल भोक, बाहेर दहा तोंडं आणि आत ही एकटी. लोक काय विचारतील नेम नाही. एक गृहस्थ रोज यायचे आणि विचारायचे, "जाते का हो गाडी?" कुठे जाते ते सांगायचं नाही. ही न चिडता म्हणायची, "जाते की काका. तुम्हाला कुठे न्यायचं तेवढं सांगा." मी स्वतः तिकडे बाकावर बसून ऐकलेलं आहे, म्हणून सांगतो. माझ्यासारख्या माणसाला बसस्टँडइतकी करमणूक दुसरीकडे मिळत नाही.

मग एक दिवस त्या खिडकीच्या डोक्यावर मोठा बोर्ड लागला. कॉम्प्युटरवर चालणारा. गाड्यांच्या वेळा आपोआप सरकायला लागल्या. साहेब म्हणाले, "बाई, आता खिडकी बंद. तुम्ही स्टोअरमध्ये या, टायर-ट्यूबवर लक्ष ठेवा. नोकरी कायमची." आता गंमत बघा, तो बोर्ड दर दोन दिवसांनी झोपी जायचा. मग लोक पुन्हा खिडकीशी, आणि ही मागच्या खोलीत जाऊन त्याला बंद करून चालू करायची. एकदा तेवढ्यानेही भागेना. तेव्हा हिने बोर्डवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एका मुलीने ही वायर काढा, ती लावा, आता कुठला दिवा लागला सांगा, असं करत करत हिच्याकडून बोर्ड सुरू करून घेतला.

त्या संध्याकाळी घरी आली तीच वेगळी. चप्पलही काढली नाही.

"आबा, ती मुलगी कुठे बसली होती देव जाणे. तिला इथलं काही म्हणता काही दिसत नव्हतं. तरी माझ्या हातांनी तिने बोर्ड दुरुस्त केला! मला हे शिकायचंय."

कॉम्प्युटर सपोर्ट म्हणतात याला. कुणाचा कॉम्प्युटर अडला की त्याने फोन करायचा आणि यांनी फोनवरून वाट दाखवायची. एक कंपनी हे शिकवत होती. शिकून झालं की खऱ्या लोकांचे फोन घ्यायला बसवायचे. जमलं त्याला नोकरी, नाही जमलं तो घरी. आणि स्टोअरमधली जागा काही हिच्यासाठी थांबणार नव्हती. सोडली की सुटली.

घरात बैठक बसली. तिचा भाऊ कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो, तो मुद्दाम आला. म्हणाला, "ताई, शिकायचंच तर प्रोग्रॅमिंग शिक. सपोर्ट म्हणजे दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची."

"मग इतकी वर्षं मी काय मैफल ऐकत होते?"

आमचे चिरंजीव गॅरेजमध्ये असतात, ते मान खाली घालून बोलले, "अगं, पण कायमची नोकरी सोडायची म्हणजे..."

"अहो, माझी खिडकी कॉम्प्युटरने गिळली ना? आता मी त्याच्याच ताटात जेवणार."

मी म्हटलं, "जा पोरी. टायर काय, तू नाही पाहिलंस तरी गोलच राहणार आहेत."

शिकणं जोरात सुरू झालं. पण पहिल्याच आठवड्यात घोडं अडलं, आणि तेही कॉम्प्युटरपाशी नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी हिला बाजूला घेतलं. "तुम्हाला येतं सगळं, पण ते अगंबाई बंद करा. माणूस आधीच घाबरून फोन करतो. तुमच्या तोंडून अगंबाई ऐकलं की त्याला वाटतं, गेला आपला कॉम्प्युटर."

झालं. घरात पहारा बसला. आमची नात तर टपूनच असायची. "आई, म्हणालीस!" की टीव्हीचा रिमोट तिच्या ताब्यात. पहिल्या दिवशी रिमोट आईला दिसलासुद्धा नाही.

मला आमच्या गावचा गुरांचा डॉक्टर आठवला. कुठल्याही जनावराला पाहिलं की म्हणायचा, "वा!" आमची म्हैस खड्ड्यात पडली तेव्हा तिचा पाय चाचपून म्हणाला, "वा, वा, छान सुजलाय!" पण ऐकणाऱ्याला धीर यायचा. म्हैसही उठून उभी राहिली. मी सूनबाईला म्हटलं, "तू अगंबाईच्या जागी वा म्हण."

तिने ते मनावर घेतलं. शिकून झालं, खरे फोन घ्यायला बसवलं, तर पहिलाच एका माणसाचा फोन आला, "मॅडम, सकाळपासून टाइप केलेलं सगळं उडालं हो!"

ही म्हणाली, "वा!"

"वा काय वा? मी इथे रडतोय!" आणि त्याने थेट वरच्या साहेबांकडे तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, "आता पुढचा फोन मी स्वतः कानाला लावून ऐकणार. त्यावर ठरेल." थोडक्यात, गावच्या डॉक्टरने आमची म्हैस उठवली आणि सून बसवली.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "चल, मी गिऱ्हाईक होतो." मी आतल्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरशेजारी फोन घेऊन बसलो, ती स्वयंपाकघरात.

"नमस्कार, काय अडचण आहे?"

"कॉम्प्युटर बिघडलाय."

"बरं. तुमच्या समोर काय दिसतंय?"

"कपाट."

"आबा! कॉम्प्युटरवर काय दिसतंय?"

"धूळ."

"अहो, स्क्रीनवर वरच्या बाजूला बघा. वर काय आहे?"

"वर पंखा आहे. फिरतोय."

मी मस्करी करत नव्हतो. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. मग ती दारात आली, हात पिठाचे, आणि हळूच म्हणाली, "बरोबर आहे आबा. वर म्हणजे माझं वर की तुमचं वर, ते मी कुठे विचारलं?"

दुसऱ्या दिवशी तो फोन आला. एका वाचनालयातल्या बाई. मॅडम शेजारी कानाला लावून बसलेल्या.

"अहो, माझी स्क्रीन उलटी झालीये! अक्षरं सगळी डोक्यावर उभी!"

हे सोपं होतं. तीन बटणं चुकून एकत्र दाबली गेली की काही कॉम्प्युटरवर असं होतं म्हणे. सूनबाईने कुठली बटणं ते सांगितलं, बाईंनी दाबली.

"झालं का सरळ?"

"कसलं सरळ! उलटं केलंत की हो तुम्ही! मघाशी निदान वाचता तरी येत होतं!"

मॅडमनी भुवया वर केल्या. सूनबाईच्या जिभेवर अगंबाई येऊन उभं राहिलेलं. ते तिने गिळलं. वा पण गिळलं. मग तिच्या डोक्यात आलं: अक्षरं उलटी होती, तर मघाशी वाचता कशी येत होती? आणि तिला आमचा पंखा आठवला.

"ताई, मला एक सांगा. त्या मॉनिटरला खाली टेबलावर टेकायला पाय असतो बघा. तो आत्ता कुठे आहे?"

"पाय ना? वर आहे."

"वर म्हणजे?"

"छताकडे. अहो, अक्षरं उलटी दिसायला लागली म्हणून मीच उचलून उलटा ठेवलाय. दोन्ही बाजूंनी जाडजाड शब्दकोश लावलेत, पडू नये म्हणून. बिघडलं का काही?"

सूनबाई अगदी शांतपणे म्हणाली, "काही बिघडलं नाही ताई. तुम्ही चांगली सोय केली होतीत. आता शब्दकोश काढा, मॉनिटर दोन्ही हातांनी धरा आणि त्याला त्याच्या पायावर उभा करा."

पलीकडे धप्प असा आवाज, पुस्तकं पडल्याचा. आणि मग फोनमधून मोठ्याने आलं:

"अगंबाई!"

मॅडमनी कानाचं काढून ठेवलं, डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. "हे तिकडचं ना?"

"तिकडचं मॅडम. शपथ."

"मग चालेल. सोमवारपासून कामावर या."

आता सूनबाईच्या गळ्यात ओळखपत्र आहे, त्यावर फोटो आहे, आणि फोटोत ती हसतेय. घरी मात्र अगंबाई पूर्वीसारखं चालू आहे. मीच सांगितलं, इथे कुणी तक्रार करणार नाही.

ही हकीकत मी ज्याला त्याला सांगतो. परवा न्हाव्याकडे बसलो होतो, त्यालाही सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "म्हणजे आजोबा, त्या बाईंनीच मॉनिटर उलटा केला, त्या बाईंनीच सरळ केला. तुमच्या सूनबाईंनी नुसतं फोनवर बोलायचं. त्यात एवढं काय?"

त्याची अर्धी कामगिरी उरकली होती. मिशीची एक बाजू झाली होती, एक राहिली होती. मी खुर्चीवरून उठलो, पंचा काढून त्याच्या हातात दिला.

"कुठे निघालात? एक बाजू राहिलीये!"

"घरी जातो," मी म्हटलं. "तिथून फोन करतो. उरलेली मिशी तू मला फोनवरून कापून दाखव."