कचरूकाकांचा खडू

कचरूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळूजच्या आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी होते, हातात खडू घेऊन. त्यांच्या मुलाचं बोलणं ऐकलं आणि समोरच्या जॉबावर, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या लोखंडी भागावर, कुणाचं नाव लिहायचं होतं तेच आठवेना... त्याला आता महिना होईल.

खडूची रीत काकांचीच. यंत्रातून निघालेल्या लोखंडी जॉबांच्या काठावरची कुसळं आमच्याकडे कानशीनं घासून काढतात. बिघडलेला जॉब लाल पेटीत जातो, करणाऱ्याचं नाव लिहून. विभागप्रमुख झाल्यावर काकांनी याच्या उलटंही सुरू केलं. दिवसातला उत्तम जॉब ते टेबलाच्या मधोमध ठेवायचे, त्यावर खडूनं नाव लिहायचे आणि पाळी बदलताना सगळ्यांना बघू द्यायचे. भाषण नाही, टाळ्या नाहीत. फुलंब्रीहून रोज एसटीनं येणाऱ्या या माणसाच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा.

मी गारखेड्याची, डिप्लोमा झालेली, त्या विभागातली पहिलीच मुलगी. सुरुवातीचे दोन आठवडे लाल पेटीत माझंच राज्य होतं. शेवटी राजीनामा लिहून डब्याच्या पिशवीत टाकला. नेमकं त्याच संध्याकाळी टेबलावर एक जॉब होता आणि त्यावर लिहिलं होतं, सुनीता. मला वाटलं, दया आली असेल. तसं फणकाऱ्यानं विचारलंही.

"दया? ते आपल्याला नाय जमत," काका म्हणाले. "सकाळधरनं तुझा हा एकच बराबर आला. पण बराबर म्हंजी बराबर. बोट फिरवून बघ."

फिरवलं. काठ कुठंच बोचत नव्हता. तो राजीनामा मी दिला नाही.

पुढं आलेल्या नव्या साहेबांना हे खपेना. "असं कौतुक केलं की माणसं डोक्यावर बसतात," ते म्हणाले. काकांनी लाल पेटीकडं बोट दाखवलं. "साहेब, बिघडल्यावर नाव लिवतोच की आपण. मग चांगल्यानं काय घोडं मारलं?" साहेबांनी खडू चालू राहू दिला. आज मी काकांच्याच खुर्चीत बसते आणि ठामपणे सांगते, पगार तर हवाच. पण आपलं काम कुणीतरी नीट पाहिलंय हे कळलं, की माणूस दुसऱ्या दिवशी जरा लवकरच येतो.

काकांचं स्वतःचं नाव मात्र त्या टेबलावर कधी आलं नाही. निवृत्तीला त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, बस्स. याची मला फार रुखरुख होती. म्हणून ते आजारी पडल्यावर मी केलेला सगळ्यात चांगला जॉब घेऊन फुलंब्रीला गेले. त्यावर लिहिलं होतं, कचरूकाका. त्यांनी आधी अंगठ्यानं काठ चाचपला, मग नाव वाचलं आणि भडकलेच.

"काम तुझं अन् नाव माझं? लबाडी हाय ही. पूस आधी."

"शिकवलं कुणी?" मीही तोंडावर म्हणाले आणि न पुसता निघाले. भांडूनच, खरं तर. ती शेवटची भेट.

परवा काकूंना भेटायला गेले तर जॉब खिडकीत ठेवलेला. खोटं नाव काकांनी कधी लिहिलं नाही, दुसऱ्यानं लिहिलेलं टिकूही दिलं नाही. पण त्यांचं नाव तिथं तसंच होतं. खाली थरथरत्या अक्षरात त्यांनी माझं जोडलं होतं.

"खडूसाठी दोन दिस नुसता जीव खाल्ला माझा," काकू म्हणाल्या. "घर सारं झाडते बाई, पण त्या खिडकीला फडकं लावत नाय."