भुकमळाची साक्ष

कामतघरच्या त्या चाळीत शेवटच्या खोलीला लागून, भिंत आणि गटार यांच्यामधे, खाटेएवढी जमीन होती. गुणाबाई पाटोळेचा सगळा बगीचा तेवढ्यातच. एक जास्वंद, दोन अबोल्या, तेलाच्या डब्यात सदाफुली आणि भिंतीवर चढवलेली जुई. नवरा याकोब त्याला 'एदेन बाग' म्हणायचा. लूमवरची ड्युटी करून कापसाच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन तो यायचा आणि दारातच विचारायचा, "काय म्हनतंय एदेन? सर्प दिसला का?"

"दिसला की. आत्ताच दारातनं आत आला," गुणाबाई म्हणायची.

नगरकडची ही ख्रिस्ती माणसं. भेटल्यावर 'सलाम' म्हणायची त्यांची रीत. शेजारची सालेहा पहिल्या दिवशी 'वालेकुम सलाम' म्हणून मोकळी झाली, आणि गळ्यातला क्रूस दिसल्यावर दोघी पोट धरून हसल्या होत्या. मंडळीची उपासना एका कारखान्याच्या माळ्यावर भरे. रविवारी गुणाबाई सगळ्यांच्या आधी पोचायची, पितळी ताटात पाणी घालून फुलं रचायची, वेदीवर ठेवायची आणि दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसायची. फुलं कोण आणतं हे निम्म्या मंडळीला ठाऊक नव्हतं. गुणाबाईला ते टोचायचं. पण टोचतं असं तिनं स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

दोन हजार चारचा उन्हाळा असेल. सुताचे भाव चढले, कापडाला गिऱ्हाईक नाही, लूम एक आड एक दिवस चालायला लागले. अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी रानातल्या फुलांचा दाखला घेतला. ती राबत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी देव त्यांना राजाहून भारी नेसवतो. खाली चार लूम खडखडत होते आणि वर सगळी सुतावर जगणारी माणसं कान देऊन ऐकत होती. मराठीत त्या फुलांना भुकमळ म्हटलंय. भू म्हणजे भुई, भुईवरचं कमळ, इतकंच. पण दाराशी, खडखडाटात, गुणाबाईच्या कानात शिरलं ते 'भूक'. भुकेच्या दिवसांत देव धाडतो ते कमळ. घरी पिठाच्या डब्याचा तळ दिसत होता. तिला तो शब्द अगदी आपला वाटला.

आणि त्याच आठवड्यात जुईच्या बुडाशी, तापून फुटलेल्या मोकळ्या मातीतून फूल वर आलं. पान नाही, दांडा नाही. नुसतं फूल, भुईतून सरळ वर, पांढरं, मधे जांभळं, आणि असा वास की सालेहा गॅस बंद करून बघायला आली.

रविवारी ताटात तीच फुलं होती. पाळकसाहेब थबकले. "ही कुणाची?"

महिला मंडळाची विनिता म्हणाली, "आपल्या गुणाबाईंची."

"कुणी लावली होती बाई?"

सगळी मंडळी मागं वळून चपलांकडं बघत होती. गुणाबाई उभी राहिली. आणि तोंडातून निघून गेलं, "कुनीच न्हाई साहेब. आपूआप आली. भूक लागल्याली परभूनं बगितली आन् हे भुकमळ धाडलं."

"आमेन!" कुणीतरी रडत म्हणालं.

ते खोटं होतं. बोलताना कळलं नाही, बसताना कळलं. आधीच्या थंडीत जवळच्या राहनाळ गावच्या धोंडूबाईनं, जी डोक्यावर पाटी घेऊन चाळीत भाजी विकायला यायची आणि गुणाबाईच्या उंबऱ्यावर चहा प्यायची, तिनं कमरेच्या पिशवीतून आल्याच्या गड्ड्यांसारखे चार कंद काढून दिले होते. "घे गो, भुयचाफा हाय. मातीत पुरून ठेव कुठं बी. मी इसरली तरी त्यो न्हाय इसरायचा." गुणाबाईनं ते पुरले आणि खरोखरच विसरली. देवानं पाठवले म्हणायला हरकत नव्हती. फक्त त्यानं ते एका आगरी बाईच्या हातानं पाठवले होते, आणि तो हात गुणाबाईनं साक्षीतून कापून टाकला होता.

सांगू पुढच्या रविवारी, असं तिनं ठरवलं. पण पुढच्या रविवारी विनितानं तिला हात धरून पुढच्या सतरंजीवर बसवलं. मग तिला प्रार्थना करायला उभं करू लागले. आजाऱ्यांच्या घरी नेऊ लागले. 'भुकमळवाल्या गुणाबाई.' पावसात पानं आली, थंडीत वाळून गेली, भुई पुन्हा मोकळी झाली. गुणाबाई पुढंच बसत होती.

नाताळ जवळ आला होता. विनिता खाटेवर बसून करंज्यांचं ठरवत होती, तेवढ्यात दारात पाटी आदळली.

"गुणाबाय, च्या टाक गो. आज शेवटचीच आयली बग."

"शेवटची म्हंजी, आक्का?"

"वाडी गेली. पोरांनी गोदामाला दिली. जेसीबी फिरला, सगला सपाट. आता भाजी कनाला पिकवू, माझ्या डोक्याव?" धोंडूबाई हसली, मग पदरानं तोंड पुसलं. "सासूनं लावलेला भुयचाफा व्हता, बांध भरून. त्यो बी गेला. दारात हातभर माती सोडलीय पोरांनी. मी तुना कंद दिलेले ना? त्यांतला एक दे मना परत."

विनिताचा कप ओठाशी थांबला. "कसले कंद, गुणाबाई?"

एका 'हो'ला काय लागलं असतं? गुणाबाई मरेपर्यंत हे स्वतःला विचारत राहिली. पण त्या क्षणी तिला पुढची सतरंजी दिसली आणि चपलांचा ढीग दिसला.

"ते कुजलं, आक्का. पावसात कुजून गेलं. बगा की, भुई मोकळीच हाय."

भुई मोकळीच होती. गुणाबाईच्या बाजूनं खोटी साक्ष द्यायला भुईही उभी राहिली होती.

धोंडूबाईनं वाकून मातीकडं बघितलं. "भुयचाफा न्हाय कुजत गो कवा," ती हळू म्हणाली. मग चवळीची जुडी उंबऱ्यावर ठेवली, नेहमीसारखी, आणि पाटी उचलली. चहा तसाच राहिला.

याकोब रात्री म्हणाला, "तुजी ती आक्का रिक्षाला उबी हुती. डोळं पुसत हुती. काय झालं गं?"

"वाडी गेली तिची," गुणाबाई म्हणाली. हेही खरंच होतं. खऱ्यानं खोटं झाकायला ती आता शिकली होती.

एप्रिल संपताना भुई फुटली. चार कंदांचे वाढून किती झाले होते कोण जाणे. फुलांमधे बोट ठेवायला जागा नाही. गल्लीत शिरणारा माणूस वासानं मान वळवायचा. गुणाबाईनं वर फाटकं पोतं टाकून बघितलं. सकाळी फुलं पोत्याच्या भोकांतून वर आलेली. याकोब म्हणाला, "आगं, फुलास्नी बुरखा कशाला घातलास?" एरवी तिनं उलट टोला दिला असता. ती आत जाऊन भांडी घासत बसली. फुलांना बोलता येत नाही म्हणतात. ही बोलत होती, आणि तिच्यासारखी अर्धवट नाही, पुरी साक्ष देत होती.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर मोडायच्या आधी पाळकसाहेबांनी नेहमीचाच इशारा दिला: वेदीजवळ दान आणलंस आणि कुणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. दर वेळी कानावरून जाणारे शब्द. आज समोर वेदीवर तिचं ताट होतं आणि, मंडळीनं हट्टानं मागितला म्हणून, ताटात भुईचाफा. गुणाबाई उठली. विनितानं पदर ओढला, "कुठं? भाकर येतेय!" गुणाबाई चपला न शोधताच जिना उतरली.

घरी येऊन तिनं खुरप्यानं फुलांसकट एक गड्डा मातीनिशी उपसला, रंगाच्या रिकाम्या डब्यात बसवला आणि शेअर रिक्षात मांडीवर घेऊन राहनाळ गाठलं. दोन्ही बाजूंना गोदामं आणि पत्रे, ट्रकांच्या रांगा. त्यांच्यामधे धोंडूबाईचं घर, आणि दारात नवी, चकचकीत लादी. हातभर मातीही उरली नव्हती. धोंडूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. रिकाम्या हातांची तिला सवय नसावी. ती ते मांडीवर उलटेपालटे करत होती.

डबा बघून ती उठलीच. मग वासानं पुन्हा बसली.

गुणाबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मंडळी, भुकमळ, चपलांची जागा, सतरंजी, कुजले म्हणून मारलेली थाप. काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही.

धोंडूबाई फुलाकडं बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जल्ला तुझा त्वांड! मना वाटला माझाच हात वायट. वाडी माझ्या हातची गेली, सासूचा भुयचाफा गेला, तुना दिला तो बी कुजला. चार म्हैने झाडाला हात न्हाय लावला मी. सून म्हनं तुलस तरी लाव. मी म्हनलं नको, मरंल."

हे गुणाबाईच्या मनातही आलं नव्हतं. तिला वाटलं होतं तिनं एक फूल चोरलं. तिनं हात चोरले होते. ती लादीवर बसली. "आक्का, चुकलं माजं," एवढंच जमलं.

एक ट्रक मागं येत होता, क्लीनर पत्रा बडवत होता. तो गेल्यावर धोंडूबाईनं विचारलं, "तुमच्या देवलात माझा नाव सांगलास?"

"न्हाई अजून."

"मंग आदी सांग जा. डबा ठेव हितंच." आणि तिनं वाकून डब्यातली माती अंगठ्यानं दाबली. "कसा उपटलास गो! मुल्या तोडल्यास अर्ध्या."

पुढच्या रविवारी गुणाबाई मंडळीपुढं उभी राहिली. "हे भुकमळ न्हाई. भुईचाफा म्हंत्यात ह्याला. राहनाळच्या धोंडूबाईनं दिला. परभूनंच धाडला, पन तिच्या हातनं. म्या तिचं नाव खाल्लं." कुणी आमेन म्हटलं नाही. विनिता आपल्या बांगड्या मोजत बसली. पाळकसाहेबांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि राहनाळच्या धोंडूबाईबद्दल उपकार मानले. गुणाबाई दाराशी जाऊन बसली. तिथं तिला कुणी बसवलं नव्हतं.

पावसात ती राहनाळला गेली तेव्हा डब्यात पानं फुटली होती आणि शेजारी एक तुळस आली होती.

"सांगलास?" धोंडूबाईनं विचारलं.

"सांगितलं."

"माझा नाव?"

"व्हय. राहनाळची धोंडूबाई म्हनून."

"आन् सासूचा? भुयचाफा तिनं लावलेला. बारकीबाय नाव तिचा."

गुणाबाईनं जीभ चावली.

"बग! परत खाल्लास," धोंडूबाई म्हणाली आणि तिच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला.

पुढच्या रविवारी गुणाबाई पुन्हा उभी राहिली.