नथ्थूजींची चौथी हाक

नमस्कार मंडळी. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कोणी "आजी, तुम्हाला भास झाला असेल" असं लिहायला नको. मला भास होत नाहीत. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच विचारते, "काय गं, कुठे निघालीस?" आणि आपल्या वाटेनं जाते. तर अशा बाईचा हा अनुभव आहे. मोबाईलवर मीच टाईप करतेय बरं का. टायपिंग हा माझा जुना धंदा.

मी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात टायपिस्ट होते. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या दाव्यातल्या माणसांची नातवंडं अजून तिथेच नांदतात. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचा भाग आधी नागपूरच्या राज्यात, मग मुंबईच्या, मग महाराष्ट्रात... राज्यं बदलली पण कोर्टातला पुकारा हिंदीतच राहिला होता, "हाजिर हैऽऽ!" माझं शिक्षण सातवी. वडील गेल्यावर टायपिंगच्या एका क्लासमध्ये झाडझूड करायला लागले आणि दुपारी मास्तर जेवायला गेले की मशीनवर बसायची. मराठी मशीन नवीनच आलं होतं, त्यावर भल्याभल्यांची बोटं अडखळायची. माझी नाही अडखळली. म्हणून नोकरी लागली.

कोर्टाची इमारत दगडी, पुढे लांब ओटा, त्यापुढे निंबाखालचं मैदान. मैदान संपलं की खामगावकडे जाणारा रस्ता, आणि रस्त्यानं बरंच पुढे गेलं की ओढ्यावरचा पूल. तारखेला आलेली माणसं कुठे कुठे पांगलेली असायची. कोणी निंबाखाली, कोणी चहाच्या हॉटेलात, कोणी पुलाखाली सावलीला भाकर सोडून बसलेलं. ह्या सगळ्यांना गोळा करायचं काम पुकारा देणाऱ्या शिपायाचं, म्हणजे नथ्थूजींचं.

नथ्थूजींचा आवाज... काय सांगू! नियमाप्रमाणे तीन हाका द्यायच्या. त्या ते ओट्यावरून द्यायचे, खणखणीत. तिन्ही हाकांना वादी आला नाही, तर साहेब, म्हणजे न्यायाधीश, लिहिणार, "वादी गैरहजर, दावा काढून टाकला." खेळ खलास. पण तिसरी झाली की नथ्थूजी आत येऊन "नाही साहेब" म्हणायचे नाहीत. सरळ मैदान ओलांडून रस्त्यापर्यंत जायचे, एक हात कानावर ठेवायचे, आणि चौथी हाक द्यायचे. ती त्यांची स्वतःची. तीत बोर्डावरचं, म्हणजे त्या दिवशीच्या दाव्यांच्या यादीतलं नाव नसायचं, घरचं असायचं. "अवोऽऽ मायऽऽ, चाल वं लवकर, साहेब वाट पाहून राह्यले!" अशी. आणि माणूस यायचं धावत. वकिलांचे कारकून त्यांची नक्कल करायचे, पण आवाज कोणालाच साधला नाही.

मग नथ्थूजींच्या गळ्यात गाठ झाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. नुसती फुसफुस उरली. आमचे साहेब पुण्याकडचे, तरुण, मनानं चांगले. त्यांनी नथ्थूजींना काढलं नाही, दाराशी स्टुलावर बसवलं, कागद आत-बाहेर करायला. पण पुकाऱ्याचं काय? दुसऱ्या शिपायाचा आवाज निंबापलीकडे जाईना. तेव्हा साहेबांनी मला बोलावलं.

"बाई, लाऊडस्पीकर बसवायचा म्हणतोय. तुमचं डोकं चालतं. सगळी व्यवस्था तुम्ही बघा."

मी बघितली! दुकानदारांकडून दरपत्रकं मागवली. भोंगे कुठल्या तोंडाचे, तार कुठून, माकडं ती तोडणार नाहीत ना, शेजारच्या शाळेला त्रास होणार नाही ना... सगळा नकाशा मी काढला. एक भोंगा निंबाकडे, दुसरा पुलाकडे. सकाळी बोर्ड टाईप करायचा तोही गावागावाप्रमाणे, म्हणजे एका गावची माणसं एकदम सावध होतील. पुकारा आता मराठीत. माईकवर मीच बोलायची. "अमुक तमुक, हजर आहेत का?" तीनदा. चौथी हाक माझ्याही ध्यानात आली नाही, साहेबांच्याही नाही. कागदावर कधी नव्हतीच ती. लाईट गेली तर म्हणून मी बॅटरी मागितली होती, तिची मंजुरी वरून यायची होती. बाकी व्यवस्था फर्स्टक्लास. बुलढाण्याहून लोक पाहून गेले.

आता गिरजाबाईचं सांगते. जवळच्याच खेड्यातली माळीण, विधवा, विहिरीवर तिचा अर्धा वाटा. दीर म्हणे, बाईचा वाटा कसला? पाणी माझं, वाटही माझी. तिनं दावा लावला, कोर्टानं मनाई हुकूम दिला होता, की निकाल लागेपर्यंत वाट अडवायची नाही. त्या हुकमावर तिची वांगी, मेथी, दोन लेकरं, सगळं उभं होतं. दावा गैरहजेरीत उडाला की हुकूमही उडाला. परत अर्ज करा, परत तारीख घ्या... तोवर भर उन्हाळ्यात भाजीवाडी जळून जाणार. आणि दिरानं वाट अडवायला बाभळीच्या काट्या गाडीत भरून ठेवल्या होत्या, हे सगळ्या गावाला माहीत.

त्या दिवशी तिचे वकील बुलढाण्याला जिल्हा कोर्टात होते. त्यांच्या कारकुनानं तिला सांगितलं, "तुमचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर. इथे बसून काय करता?" बिचारी मेथीच्या जुड्या घेऊन पुलाच्या सावलीत विकायला बसली. भोंग्याचं तोंड तिकडेच होतं, ऐकू येणार ह्याची तिला खात्री. मला म्हणून गेली, "बाई, तुमचा भोंगा हाये ना, मंग मले काय भेव?"

आणि झालं काय, आधीच्या दाव्यातले साक्षीदार आलेच नाहीत. बोर्ड भरभर पुढे सरकला. गिरजाबाईचा नंबर सुट्टीच्या आधीच लागला. मी माईक हातात घेतला, नाव घेतलं... आणि लाईट गेली.

ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. खटखट केलं, काही नाही. मी ओट्यावर धावले आणि आपल्या गळ्यानं ओरडले. "गिरजाबाई! हजर आहेत का?" माझा आवाज काय, टायपिस्टचा आवाज. निंबाखालच्या माणसांनी मान वळवली, तेवढंच. तीनदा ओरडले. एकाला म्हटलं, "पुलाकडे पळा हो कोणी!" तो उठून चप्पल शोधायला लागला. आतून दिराच्या वकिलांचा आवाज आला, "साहेब, तीन पुकारे झाले. वादी गैरहजर आहे, नोंद व्हावी." आणि दीर दाराशी उभा राहून हसत म्हणाला, "आता काय बाप्पा, भोंगाबी मुका, नथ्थूबी मुका!"

नथ्थूजी स्टुलावरच होते. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी त्यांच्याकडेच पाहत होते, कारण त्या बोलण्यानं त्यांचा चेहरा उतरला होता. ओठ मिटलेले. हे मी शपथेवर सांगते, कोर्टात काम केलेली बाई आहे, शपथ म्हणजे काय ते मला कळतं.

आणि तेवढ्यात हाक आली.

"अवोऽऽ गिरजामायऽऽ! चाल वं माय लवकर, नंबर लागला तुहा! साहेब वाट पाहून राह्यलेऽऽ!"

नथ्थूजींचा आवाज. ऑपरेशनच्या आधीचा, भरदार, शेवटी तसाच वर चढणारा. रस्त्याकडून आला, पुलाच्या बाजूनं. सगळं मैदान उठून उभं राहिलं. दिराचं हसू जागच्या जागी थिजलं. आतून साहेब म्हणाले, "अरे वा, नथ्थूजींचा आवाज परत आला वाटतं! थांबा वकीलसाहेब, जरा वाट बघू." आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

रस्त्यानं गिरजाबाई पळत येताना दिसली. पदर कमरेला खोचलेला, हातात अजून मेथीची एक जुडी. धापा टाकत आत शिरली आणि हात जोडून म्हणाली, "हाव साहेब, हाये मी. हजर हाये!"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातून स्टुलावरच्या नथ्थूजींकडे. "वादी हजर" लिहिलं आणि पुढची तारीख दिली. हुकूम कायम.

सगळे पांगल्यावर नथ्थूजींनी माझी बाही ओढली. फुसफुसत म्हणाले, "बाई... थो माहाच व्हता ना?"

"तुमचाच होता, नथ्थूजी."

"कसा व्हता?"

"होता तसाच. खणखणीत."

त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. म्हणाले, "लय दिवसानं आयकला." एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, कोणी नक्कल केली. मलाही आधी तेच वाटलं. मी एकेका कारकुनाला धरलं. ते सगळे त्या वेळी हॉटेलात एकाच बाकावर होते आणि हाक ऐकून त्यांच्याच हातातला चहा सांडला होता. भोंगा म्हणाल तर लाईट संध्याकाळी आली. टेप म्हणाल तर तसलं यंत्र आमच्या गावात कोणी पाहिलंही नव्हतं. मी व्यवस्थेची माणूस, अशी सोडते थोडीच! दुसऱ्या दिवशी एका पहेलवानाला ओट्यावर उभं करून ओरडायला लावलं आणि स्वतः पुलावर जाऊन उभी राहिले. काही ऐकू आलं नाही, नुसती पाखरं.

आणि खरी गंमत तर पुढेच. गिरजाबाईला विचारलं, "हाक कुठून आली गं?"

ती म्हणाली, "कुठून म्हंजे? कोर्टाकडून! नथ्थूजी वट्ट्यावर उभे राहून बलाऊन राह्यले, असंच वाटलं मले."

आम्हाला पुलाकडून आली, तिला कोर्टाकडून. मधे रस्ता मोकळा होता. दोन्ही टोकांची माणसं रस्त्याकडेच पाहत होती, मधे कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर मी साहेबांकडे गेले. म्हटलं, व्यवस्थेत एक सुधारणा पाहिजे, चौथी हाक. साहेब म्हणाले, "बाई, नियमात तीन आहेत." मी म्हटलं, "चौथीला मनाई कुठे आहे?" ते हसले. "बरं, द्या. पण ते 'चाल वं माय' काय, ते जरा शुद्ध..." मी म्हटलं, "साहेब, शुद्ध बोललं तर ते लोक येत नाहीत." बॅटरीची मंजुरीही मी महिन्याभरात भांडून आणली.

रिटायर होईपर्यंत मी माईकवर चौथी हाक दिली, वऱ्हाडीत, माणसाच्या घरच्या नावानं. नथ्थूजी होते तोवर मी चौथीला लागले की स्टुलावर त्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. त्या दिवशी मात्र हलले नव्हते... ती हाक पुन्हा कोणी ऐकली नाही. गिरजाबाईनं दावा जिंकला. ती होती तोवर मला मेथी कधी विकत घ्यावी लागली नाही, जुडी आपली घरी यायची.

आता तारखा मोबाईलवर येतात म्हणे, पुकाऱ्याचं काम पडद्यावर दिसतं. छान आहे, मी पहिली टाळी वाजवीन. मला यंत्राचं वावडं कधीच नव्हतं.

पण ह्या गोष्टीचा उलगडा मला इतक्या वर्षांत झालेला नाही. आवाज त्यांचा होता, हे मला पक्कं माहीत. तोंड मिटलेलं होतं, हेही पक्कं माहीत. ही दोन्ही एकत्र बसत नाहीत. नाही बसत तर नाही बसत. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि गिरजामाय आत पोचली... हे बसतं ना? मला तेवढं पुरतं.