झाकणाच्या आतली साय

मी किती सफाईने खोटं बोलू शकतो हे मला चाळिशीत कळलं, तेही एका जुन्या गाडीमुळे.

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोर ती उभी असे. मी घेतली तेव्हाच ती जुनी होती. त्या दिवसांत ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी नव्या गाड्या, बँकेचं कर्ज आणि शहराच्या टोकाला वसलेल्या द्वारकेतले फ्लॅट. मला सगळंच हवं होतं. अशात गाडी रोज लोटाभर पाणी मागू लागली. रेडिएटर गळतोय की काय म्हणून मी खाली वर्तमानपत्र अंथरून पाहिलं, तर ते कोरडं ठणठणीत. सायलेन्सरमधून मात्र पांढरा धूर.

मुनिरकाच्या मिस्त्रीने खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं आणि उलटं करून माझ्या नाकासमोर धरलं. आतून पिवळट पांढरी साय जमली होती, ताकावर लोणी येतं तशी.

"साहब, बाहर नहीं टपक रहा, मतलब अंदर जा रहा है. तेल में पानी मिल गया. इंजन का हेड खोलना पड़ेगा, आगे क्या निकले पता नहीं."

"सोचता हूँ," मी म्हणालो. विचार कसला करतोय! गाडी विकायची हे मी तिथेच ठरवलं होतं.

गिऱ्हाईक घरबसल्या मिळालं. आमच्याच सेक्शनमधला, यवतमाळकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ऑफिसात मला सर म्हणायचा, घरी दादा. त्याचे आईबाबा पहिल्यांदाच दिल्लीला येणार होते. त्यांना स्वतःच्या गाडीतून आग्र्याला न्यायचं, असं त्याच्या मनात होतं.

"बाहेरच्याची घेतली तर फसवतील, दादा. तुमची म्हणजे बिल्कुल टेन्शन नाही."

तो रविवारी येणार होता. शनिवारी मी तेल बदललं आणि ते झाकण जुन्या बनियनने आतून लख्ख पुसलं. बायकोने विचारलं, "विकायच्या गाडीला नवं तेल?"

"आपल्या माणसाला द्यायची आहे," मी म्हणालो. ती किती खूश झाली! ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

रविवारी बॉनेट मीच उघडून दाखवलं, आणि त्याने समजल्यासारखी मान डोलावली. रोज पाणी घालावं लागतं, हे मात्र मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं.

आठवड्याच्या आतच, आईबाबांना आग्र्याला नेताना, मथुरेच्या अलीकडे गाडी बंद पडली. म्हातारा-म्हातारी भर उन्हाळ्यात दुपारभर एका ढाब्यावर बसून राहिले आणि ताजमहाल न बघताच बसने परतले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, मान खाली घालून.

"सॉरी दादा. तुम्ही इतकी जपलेली गाडी मी मारली. मिस्त्री म्हणतो, पाणी न बघता पळवली."

मी काय बोलायला हवं होतं ते शाळेतल्या पोरालाही कळेल. मी म्हणालो, "पाणी रोज बघायचं असतं रे." वर चहा पाजला.

त्याचे बाबा पुढच्या वर्षी गेले. पुन्हा काही ते दिल्लीला आले नव्हते.

मग आम्ही दोघंही द्वारकेला राहायला गेलो, शेजारशेजारच्या सोसायट्यांत. त्याने पुन्हा एक जुनी गाडी बघितली आणि ती पारखायला मलाच घेऊन गेला. गाडी पारखायला दादांचीच नजर हवी म्हणे! मी सवयीने तेलाचं झाकण काढलं आणि आतून बोट फिरवलं.

"हे कशासाठी, दादा?"

मी सांगितलं. पाणी तेलात जात असेल तर इथे साय धरते. इथे नुसतं तेल आहे, म्हणजे ठीक आहे. तो मन लावून ऐकत होता. मग माझ्या हातातून झाकण घेऊन बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे त्या वेळी हे उघडून बघितलं असतं, तर बाबांना मी ट्रेनने नेलं असतं." मग तो म्हणाला, "पण तुम्हाला तरी तेव्हा कुठे माहीत होतं, नाही?"

सांगून टाकायची वेळ होती ती. त्याने स्वतःच दार उघडून दिलं होतं.

"नव्हतं रे," मी म्हणालो.

त्याने झाकण घट्ट बसवलं, खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या दादा, बोट पुसा."

मी पुसलं.