राखेखालचं घर

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. मालक गेले, त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. लेकरांना ठाऊक नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा मी हे शब्दांत आणत नाही — त्याला आपसूक कळत असेल तर असो, माझ्याकडून त्यानं ऐकलेलं नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच काहून, ते विचारू नका. तुम्ही समोर बसलात आणि उठायची घाई करत नाही आहात, एवढंच.

मी तशी गप्प बसणाऱ्यांतली बाई नाही. दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत ज्याला जे बोलायचं ते तोंडावर बोलून मोकळी होते. घरचे म्हणतात, आईच्या पोटात काही राहत नाही. राहतं की. हे राहिलं.

आमची वस्ती कनेरगाव नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. वस्तीचं नाव राहू द्या. तेव्हा आमच्याकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. आणि पलीकडं वाशीमच्या अंगाला वऱ्हाड, तिथं आधी इंग्रज होते, मग ते गेले. मधे नाका. माझे मालक नाक्यावर कारकून. इकडून तिकडं जाणाऱ्या मालावर जकात लावायची, हे त्यांचं काम. म्हणजे निजाम सरकारचा पगार आमच्या घरातही येत होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर मला ते सांगायला जड जाईल.

माहेर माझं वाशीमचं. वडिलांनी मला वाचायला शिकवलेलं, त्यामुळं श्रावणात आमच्या ओसरीवर पोथी मीच वाचायची. पोथीला दोघी लागतात — एक वाचणारी, एक अर्थ सांगणारी. वाचणारीनं थांबायचं, सांगणारीनं सांगायचं, मग पुढची ओवी. तीच सवय बायकांना लागली. पुढं वडिलांनी एका गाडीवानाबरोबर एक पुस्तक पाठवलं, तेही आम्ही तसंच वाचायला घेतलं. दुपारी बायका डाळ निवडायला, वाती वळायला माझ्याकडं यायच्या, आणि मी वाचायची.

पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं, लिहिणाऱ्याचं नाव नाही. पण गोष्ट जुनी, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचलेली. एका गावात पावसाची झड लागते आणि सगळ्या चुली विझतात. काडेपेटी नाही, काही नाही, विस्तव शेजारून आणायचा तर शेजारीही विझलेला. लेकरं गारठून मरायला लागतात. आणि एका घरात एक माणूस राखेखाली निखारा झाकून बसलेला असतो, गावाला सांगत असतो की माझीही चूल थंड आहे. एवढीच गोष्ट. बोधकथाच म्हणा ना, फक्त लांबलेली.

आणि अर्थ सांगायची ती जैनब.

जैनब म्हणजे आमच्या वस्तीतल्या उर्दू शाळेच्या मास्तरांची लेक. माझ्याच वयाची. नवरा लवकर वारला म्हणून बापाकडं परत आलेली. मास्तरांनी ती गोष्ट तरुणपणी कुठंतरी वाचली होती, ती कुठल्या दिवसांत लिहिली गेली, कसल्या गावाबद्दल, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. ते लेकीला सांगायचे आणि ती आम्हाला. तिची रीत अशी, की कोण चांगलं कोण वंगाळ हे ती सांगायचीच नाही. म्हणायची, "आधी गाव बघा, मग माणूस बघा." एकदा पारूबाईनं विचारलं — पारूबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यांत खमकी, तिच्या नवऱ्याचा शब्द वस्तीत चालायचा — तिनं विचारलं, की गोष्टीतली खालच्या आळीची माणसं वरच्या आळीत विस्तव मागायला काहून जात न्हाईत? जैनब म्हणाली, "आपल्या वस्तीत जातात का?" डाळ निवडायचे हात थांबले. असं सांगायची ती.

मला ते खुपायचं. खोटं कशाला बोलू? पुस्तक माझं, ओसरी माझी, घसा माझा कोरडा पडायचा, आणि बायका बघायच्या तिच्या तोंडाकडं.

मग तो शेवटचा उन्हाळा आला, राजवट जायच्या आधीचा. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायच्या, घरात शिरून धान्य न्यायच्या, बोलेल त्याला मारायच्या. तुम्ही ऐकलं असेल. मास्तर कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण धर्म तोच आणि पगार त्याच सरकारचा, एवढं लोकांना पुरायचं. त्यांनी लेकीला आमच्या ओसरीवर यायची बंदी केली. तर ही बाई मागच्या दारानं माझ्या चुलीपाशी येऊन बसायची आणि पुढच्या भागाचा अर्थ मला सांगून जायची. कशासाठी? म्हणायची, "मी न्हाई तर न्हाई, गोदा. अर्थ चुकायला नको."

त्या झाकलेल्या निखाऱ्याचा भाग आला तेव्हा ती फार वेळ बसली होती. पुस्तकात त्या माणसाच्या घरात एक रिकामा पाळणा असतो. एक ओळ, बाकी काही नाही. मी ती ओळ कितीदा वाचली, मला काही दिसलं नव्हतं. जैनब म्हणाली, "अब्बा सांगतात, ही गोष्ट दुष्काळानंतरची हाय. सरकारनं जंगल बंद केलतं. लाकूड आणलं तर फटके. गेल्या झडीला यानंच सगळ्या गावाला विस्तव, लाकडं वाटली आन् ह्याच्याच घरात जळण उरलं न्हाई. लेकरू गेलं. तो लोभानं लपवत न्हाई गं, भ्यानं लपवतो. गावबी भ्यानंच त्याच्या दारात येतं. दोघांला भ्याया लावणारा तिसराच, तो गोष्टीत कुठं दिसतच न्हाई."

मग म्हणाली, "हे सांगशील ना बायांना? बराबर असंच सांग."

सांगते म्हणाले मी. 

त्याच दुपारी — आता इथं मला थोडं थांबावं लागतं — त्याच दुपारी बायका जमल्या त्या रडवेल्या होऊन. आदल्या दिवशी टोळी येऊन पारूबाईच्या घरातली ज्वारी घेऊन गेली होती. जमिनीतलं धान्याचं पेव रिकामं केलं होतं. मी वाचलं. गावाला त्या घरावर बारीकसा धूर दिसतो, तिथपर्यंत वाचलं. पारूबाईनं वातीचा कापूस खाली ठेवला आणि म्हणाली, "वैनी, असं सरकारच्या उबीला बसलेलं घर आपल्यात कुठलं म्हणायचं?"

आणि तिनं माझ्या घराच्या आत पाहिलं. खुंटीवर मालकांचा नाक्यावरचा कोट होता.

तुम्ही काय केलं असतं? — नाही, सोडा. तुम्हाला कशाला ओढू. मी काय केलं ते सांगते. मी पुस्तक मांडीवर ठेवलं. आणि मी म्हणाले, "शाळेकडं बघा की. धूर कुठून निघून राहिला ते दिसंल."

एवढंच. रिकाम्या पाळण्याची ओळ मी वाचलीच नाही, ओलांडून पुढं गेले. जंगल नाही, दुष्काळ नाही, काही सांगितलं नाही. बायकांनी माना हलवल्या. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. भीती गेली म्हणून तर खरंच, पण त्या सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, त्याचंही बरं वाटलं.

बायका घरी गेल्या, घरच्यांशी बोलल्या. थोड्याच दिवसांत मास्तरांच्या घराला वस्तीत नावच पडलं — राखेखालचं घर. तिथं काहीतरी झाकलंय. आधी धान्य झाकलंय असं म्हणायचे, मग बंदुका. गोष्टीतून निघालेलं नाव आहे, हे पुरुषांना ठाऊकही नव्हतं. मला ठाऊक होतं. मी वाचत राहिले.

पावसाळ्याच्या शेवटी फौज आली आणि राजवट गेली. गुलाल उधळला, मीही उधळला. मालक मात्र अंगावर कांबळं घेऊन घरात पडून होते, ताप आल्याचं सांगत. आमच्या दाराशी कुणी आलं नाही. लोकांना जायचं होतं ते घर आधीच ठरलेलं होतं.

भर दुपारी जैनब मागच्या दारानं आली. हाताला कणीक तशीच. बसली नाही. म्हणाली, "गोदा, लोक जमून राहिले पिंपळाखाली. घर खणायचं म्हणतात. राखेखालचं घर म्हणतात. हे आपल्या पुस्तकातलं हाय, व्हय ना? तू पारूबाईकडं चल. तिचा मालकच पुढं हाय. तिला सांग ती गोष्ट तशी न्हाई, तिचा अर्थ येगळा हाय. तुझं ऐकतात त्या."

पारूबाईचं घर चार दारं सोडून. ती घरात होती, मला तिच्या जात्याचा आवाज ऐकू येत होता. गेले असते तर काय झालं असतं? कदाचित काही नाही. कदाचित तिनं नवऱ्याला हाक मारली असती. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही यात माझी सुटका नाही. कारण मी हा हिशेब तेव्हा केलाच नव्हता. माझ्या डोक्यात एकच होतं — मी तिच्याबरोबर रस्त्यानं चाललेली दिसले, तर लोकांना मालकांचा पगार आठवेल.

मी म्हणाले, "मी नुसती वाचणारी, जैनब. अर्थ तू सांगायचीस."

खोटं. उन्हाळ्यापासून वाचणारी मीच आणि सांगणारीही मीच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनंच तर मला शिकवून तिथं बसवलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही — रागानं पाहिलं असतं तर मी निदान भांडले असते. म्हणाली, "बराबर हाय." आणि गेली.

मी दाराला कडी लावली.

त्यांनी मास्तरांच्या घराची जमीन खणली. बंदुका नव्हत्या. धान्य होतं ते दोन माणसांना पुरेल एवढं. काही सापडलं नाही म्हणून लोक जास्तच पेटले आणि मास्तरांना बेदम मारलं. संध्याकाळच्या आत जैनब त्यांना एका बैलगाडीत घालून हिंगोलीच्या दिशेनं निघाली. गाडी आमच्या दारावरून गेली. मी दार उघडलं नाही, चाकांचा आवाज ऐकला. गाडीवान परतला तेव्हा त्यानं सांगितलं, मास्तर वाटेतच गेले, आणि लेक रडली नाही. पुढं ती कुठं गेली, जगली की नाही, हे मला आजपर्यंत कळलं नाही. मी कधी कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं, तर विचारणारी तू कोण, असा प्रश्न आला असता.

मी तेव्हा लहान होते, असं म्हणू शकते. काळ तसा होता, असं म्हणू शकते. सगळे तसंच म्हणतात आणि ते खरंही आहे. पण जैनब माझ्याच वयाची होती आणि काळ तिच्यासाठीही तोच होता.

पुढच्या आठवड्यात बायका परत जमल्या. पुस्तकाचा शेवट राहिला होता. गाव त्या माणसाच्या घरात घुसतं, राख उपसतं, ओढाओढीत निखारा विखुरतो आणि विझतो, आणि सगळं गाव अंधारात उभं राहतं. मी वाचलं. मग पारूबाईनं हळूच विचारलं, "वैनी, याचा अर्थ काय म्हणायचा?"

आणि मी सांगितला. मागं जाऊन पाळण्याची ओळ वाचून दाखवली. दुष्काळ सांगितला, बंद जंगल सांगितलं, फटके सांगितले. तो लोभानं नाही भ्यानं लपवत होता, गावही भ्यानंच आलं, आणि दोघांना भ्यायला लावणारा तिसराच, तो गोष्टीत दिसत नाही, असं सगळं सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. बराबर तसंच, जसं मला सांगितलं होतं. 

पारूबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "हे आदी काहून न्हाई सांगितलं गं?"

मी म्हणाले, आधी मला ठाऊक नव्हतं.