विचारून लावायच्या बातम्या

माझा मोठा भाऊ मुलुंडला एका नव्या इमारतीखाली गेला. सकाळी भाजी घेऊन परतत होता. वरून बांधकामाच्या परांचीची फळी पडली. ती इमारत ज्या बिल्डरची, त्याच्याच समूहाने काही वर्षांपूर्वी आमचं वर्तमानपत्र विकत घेतलं. मी तिथे उपसंपादक आहे. उपनगरांचं पान माझ्याकडे असतं.

चौथ्या दिवशी वहिनीने मला आतल्या खोलीत बोलावलं. भेटायला येणारे हळहळतात आणि जाता जाता विचारतात, मोबाइल बघत चालले होते का. भाऊ रस्त्यात कधी फोन उचलायचाही नाही. ती हे सांगताना रडली नाही.

“भावोजी, कुणाच्या इमारतीखाली गेले, तेवढं नावानिशी तुमच्या पेपरात येऊ दे. बाकी मला काही नको.”

मी हो म्हणालो.

मालक बदलले तेव्हा आमच्या डेस्कवर एक यादी आली होती. लेखी नव्हे, तसलं लेखी काही येत नाही. संपादकांनी मालकांशी संबंधित नावं तोंडी सांगितली आणि माझं अक्षर बरं म्हणून मी ती उतरवून घेतली. या नावांच्या बातम्या ‘विचारून’ लावायच्या. मनाई कशालाच नव्हती. सुरुवातीला आम्ही खरोखर विचारायचो. वर विचारायला गेलेली बातमी परत येईपर्यंत पान छपाईला सुटलेलं असायचं. मग आमचे आम्हीच शिकलो. नाव नसलं की विचारावं लागत नाही.

पाचव्या दिवशी, सुतकातच, मी अंधेरीच्या ऑफिसात गेलो. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी चहा सरकवला. मी आठ ओळी लिहिल्या. भावाचं वय, भाजीची पिशवी, फळीखाली जाळी नव्हती हे, सगळं. संपादकांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून वाचलं.

“एक शब्द हलवायला नको रे,” ते म्हणाले. “सोड. आणि घरी जा तू.”

त्यांनी कौतुक केलं म्हणून मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या ओळीत होतं, ‘एका खासगी इमारतीचे बांधकाम सुरू असताना’. मी बिल्डरचं नाव लिहून खोडलं नव्हतं. ते मला सुचलंच नव्हतं.

मी नाव घातलं आणि संपादकांना हाक मारली. त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नाही तो. भावाला खांदा द्यायलाही आला होता.

“विचारावं लागेल,” ते हळू आवाजात म्हणाले. “थांबतोस?”

साडेतीन वाजले होते. पान चारला सुटतं. ते केबिनमध्ये फोनवर बोलत होते, काचेतून दिसत होते, आणि मी पडद्यावर नावाच्या त्या दोन शब्दांकडे बघत बसलो. चारला पाच कमी असतानाही ते फोनवरच होते. आणखी थांबलो असतो तर बातमीच राहिली असती. मी नाव काढलं आणि पान सोडलं.

सकाळी मुलुंडला पोहोचलो तेव्हा वहिनी खिडकीशी पेपर घेऊन बसली होती. तिने बातमी दोनदा वाचली असावी, कारण तिचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं.

“म्हणजे ती इमारत त्यांची नाही का हो? पाटी तर त्यांचीच आहे तिथे.”

“त्यांचीच आहे.”

“मग हे कुणी लिहिलं?”

मला संपादकांचं सांगता आलं असतं, मालकांचं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

“मीच,” मी म्हणालो.

तिने त्या ओळीवरचं बोट काढलं. मग बाहेर चपला वाजल्या, कुणीतरी भेटायला आलं होतं, आणि तिने पेपराची घडी करून उशीखाली सारली.