आत्याचा पाव टक्का

भांडवलाच्या खर्चाचा धडा मी कॉलेजात दरवर्षी शिकवते, आणि ज्या दिवशी तो शिकवते त्या दिवशी घरी येऊन कुणाशी तरी भांडते. नवऱ्याला हे आता पाठ झालंय. मी चप्पल जोरात काढली की तो विचारतो, "आज तो धडा होता का?" आणि मुकाट्यानं चहा टाकतो.

धडा तसा सोपा आहे. कंपनी धंद्यात जो पैसा लावते तो कुणाचा तरी असतो. बँकेचा असला तर बँक व्याज घेते, ते डोळ्यांना दिसतं. भागधारकाचा असला तर त्याला हप्ता नसतो, म्हणून तो फुकट वाटतो. फुकट नसतो. त्या माणसानं तोच पैसा दुसरीकडे लावला असता तर त्याला जे मिळालं असतं, तो त्याचा खर्च. शिवाय बँकेचं आधी, भागधारकाचं सगळ्यात शेवटी, म्हणून त्याचा पैसा बँकेपेक्षा महाग धरायचा. मग ज्याचा जेवढा वाटा तेवढं वजन देऊन दोन्हींची सरासरी काढायची. धंद्यात त्या सरासरीहून जास्त सुटणार असेल तरच हात घालायचा. बस, एवढंच. हे मला नऊ वर्षांपूर्वीही येत होतं. एमबीएला या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. आग लागो त्या मार्कांना.

बाबांची राइस मिल आंधळगावच्या रस्त्यावर आहे. नावाला प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, पण भागधारक सगळे घरचेच: बाबा, काका, दोन-चार सोयरे. कंपनीनं कधी लाभांश वाटला नाही. त्याऐवजी आमच्याकडे एक रीत आहे. दिवाळी झाली, नवा धान भरडून झाला, की ज्यानं ज्यानं मिलमध्ये पैसा टाकलाय त्याच्या घरी पन्नास किलो तांदळाचा एक कट्टा, म्हणजे पोतं, पोचवायचा. ज्यानं वीस हजार टाकले त्याला एक, ज्यानं लाख टाकले त्यालाही एकच. बाबा म्हणतात, "सोयऱ्यात भेदभाव कायले करा?" सगळे खूश असतात. मोठ्या पैशावाला सोयराही तो कट्टा असा घेतो की जणू आपल्यावर उपकार झाले.

माझी आत्या बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे मामाजी, लवकर गेले, मूलबाळ नाही, पण तिनं एकटीनं शेती केली. गोसीखुर्दच्या धरणात तिचं गाव गेलं, वावर गेलं. मोबदल्याचे आठ लाख हातात आले तेव्हा ती कारधा गावाच्या पलीकडे पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला आली होती. तिथं घर होतं, नळ होता, रस्ता होता, पण पाय ठेवायला आपली माती नव्हती. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडीसुद्धा विकत घ्यावी लागते याची तिला लाज वाटायची, म्हणून ती अंधार पडायच्या आत गुपचूप बाजार करून यायची.

त्याच सुमारास मी एमबीए होऊन आले होते, आणि बाबांना सॉर्टेक्स मशीन घ्यायचं होतं. तांदळातला काळा दाणा रंगावरून हेरून बाहेर फेकतं ते मशीन. किंमत वीस लाख. बँक बारा लाख द्यायला तयार होती, वर आठ लाख मालकांनी आणा म्हणाली. आठ लाख! आकडा नेमका तोच.

आत्यानं बाबांना हो म्हणायच्या आधी मला विचारलं. आमच्या स्वयंपाकघरात, वाल निवडत.

"तुले काय वाटते वं पोरी? गावाले लागून दोन एकर वावर विकाले निघालं आहे. आठ लाखच म्हणते तो मालक. वावर घेऊ का भाऊच्या मिलमधी टाकू? भाऊ तं म्हणून राह्यला का मिलमधी टाक. पण तू शिकली आहेस. तू सांगशीन तसं."

मी शिकले होते, तर मी शिकल्यासारखंच वागले. लॅपटॉप उघडला, तक्ता मांडला. बँकेचा पैसा साठ टक्के, व्याज बारा. आत्याचा पैसा चाळीस टक्के, आणि त्याचा खर्च? तिथं माझा हात थांबला, खोटं कशाला बोलू. मी बाबांना विचारलं, "आत्याच्या पैशाचा खर्च किती धरू?" बाबा धानाचा नमुना तळहातावर चोळत होते. "घरचा पैसा आहे, त्याले कायचा खर्च? कट्टा देतो ना आपण."

पुस्तकात एक पद्धत आहे: भागधारकाला वर्षाला जे मिळतं त्याला त्यानं टाकलेल्या रकमेनं भागायचं. मी कट्ट्याची किंमत धरली दोन हजार. भागिले आठ लाख. पाव टक्का! मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. गावची रीत आणि पुस्तकातलं सूत्र मी एका खान्यात बसवलं होतं. सरासरी आली सात पूर्णांक तीन. मशीनमधून नऊ टक्के सुटतील असा बाबांचा अंदाज होता. नऊ मोठे, सात लहान. मी आत्याला म्हणाले, "टाक मिलमध्ये. एकदम चांगलं आहे."

ज्या सूत्रात पाव टक्का येतो ते सूत्रच चुकीच्या जागी लावलंय, हे एखाद्या ढ पोरानंही ओळखलं असतं. बँक बारा मागते आणि सगळ्यात शेवटी उभी असलेली बाई पावावर राजी होते? पण ती मागतच नव्हती ना. तिनं मागितलं नाही, म्हणून मी तिचा खर्च लिहिला नाही. याचा मला आजही संताप येतो, तिच्यावर नाही, माझ्यावर.

मग बँकेचे कागद आले. त्यात एक हमीपत्र होतं: कर्ज फिटेपर्यंत मालक आपलं भांडवल कंपनीतून काढणार नाहीत. आत्यानं चष्मा पुसला, कागद उलटा-सुलटा पाहिला आणि मला विचारलं, "सही कुठं करू?" मी बोट ठेवलं. "इथं. फॉर्मॅलिटी आहे." तिनं सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली, झटकन.

मशीन आलं. चांगलंच आहे, वाईट नाही. पण आजूबाजूच्या मिलवाल्यांनीही तीच मशीनं घेतली आणि भरडाईचा भाव वाढायचा थांबला. सरकारी धानाच्या भरडाईचे पैसे कधी सहा महिन्यांनी यायचे. बँकेचा हप्ता मात्र तारखेला जायचा. कर्जाची दोनदा मुदत वाढली. आणि आत्याकडे दरवर्षी एक कट्टा जात राहिला.

गेल्या उन्हाळ्यात आत्या सकाळच्या एसटीनं अचानक आली. घामानं पदर भिजला होता, पण चेहरा असा खुलला होता की मला वाटलं कुणाचं लग्न ठरलं. पाणीही न पिता म्हणाली, "तेच वावर पुन्हा निघालं, बाई! तेच! आता तो एकराचे आठ मांगते. दोन नाही तं एक घेतो मी. धानाच्या रोवण्याच्या आधी पैसे दे म्हणते. भाऊले सांग, माहे आठ लाख काढून दे म्हणा."

तिनं व्याज मागितलं नाही. नफा मागितला नाही. नऊ वर्षांनी आपलेच आठ लाख, आणि दोन एकरांच्या जागी एक एकर.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पैसा मशीनमधी आहे. मशीन का कापून देऊ?" बाबा वाईट नाहीत. बहिणीसमोर असं बोलताना त्यांचा आवाज फाटला होता. पण पैसा नव्हता, हे खरं होतं.

मी बँकेत गेले. म्हटलं, एका भागधारकाचा पैसा मोकळा करा, बदल्यात वाटल्यास माझं नाव जामीन घाला. अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्यानं फाइल काढली, हमीपत्र माझ्यासमोर सरकवलं. "कर्ज आहे तोवर नाही होत, मॅडम. आणि साक्षीदार तर तुम्हीच आहात." आत्याची कोरलेली सही आणि खाली माझी झटकन केलेली. मी तिथून कशी उठले मला आठवत नाही. बाहेर येऊन स्कूटीची किल्ली कितीतरी वेळ पर्समध्ये शोधत होते, ती हातातच होती.

त्या दुपारी मी तो जुना तक्ता पुन्हा उघडला आणि आत्याला शेजारी बसवलं. नऊ वर्षांपूर्वी जो प्रश्न तिला विचारायला हवा होता तो तेव्हा विचारला. "आत्या, तेव्हा ते दोन एकर घेतलं असतं तर वर्षाला काय काय आलं असतं?"

ती एकदम ताठ बसली. कुणी तिला असं विचारलंच नव्हतं. बोटांवर मोजत सांगू लागली: धान इतका, धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोळीची डाळ इतकी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर, गुरांना धानाचं तनीस, खायला भाजी. "अन् मजुरी धर हं, रोवण्याले बाया लागतात. मी फुकटचं नाही सांगून राह्यली." खर्च तिनं स्वतःच वजा केला, एकेक. मी कधी इतका सच्चा हिशेब कंपनीच्या बैठकीत ऐकला नाही. पीक आलं सातेक टक्के. वर जमिनीचा भाव नऊ वर्षांत दुप्पट, त्याचे वर्षाचे आठ. पंधरा. पाव नाही, पंधरा! मी खान्यात पंधरा टाकले आणि सरासरी तेरावर गेली. मशीनचे नऊ. हा धंदा त्या दिवशी करायचाच नव्हता. निदान तिच्या पैशानं तर नाहीच.

मी तक्ता बाबांसमोर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि माझ्यावर ओरडले, "आता सांगून राह्यली? तवा काहून नाही सांगितलं?" मीही ओरडले, "तेव्हा तुम्ही कट्टा सांगितला!" आई मध्ये पडली नसती तर काय झालं असतं कोण जाणे. दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्यावर ओरडणं सोपं आहे. बाबांनी त्या रात्री जेवण केलं नाही.

माझ्याकडे होतं नव्हतं ते मी आत्याला देऊ केलं. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि उन्हाळ्यात तर तेही नाहीत. पाऊण लाख होते. तिनं माझा हात मागे लोटला. "तुह्या पैशाचं वावर माहं कसं होईन वं? अन् पाऊण लाखात धुराबी येत नाही." रोवणे सुरू व्हायच्या आत ते वावर नागपूरच्या कुणीतरी घेतलं. आता त्याला तारेचं कुंपण आहे आणि आत काही पेरलेलं नाही. आत्या बाजाराला जायचा रस्ता बदलून जाते.

दिवाळीनंतर कट्टा पोचवायला यंदा मी स्वतः गेले. पोचवायची लाज वाटत होती आणि न पोचवायचीही. आत्यानं नेहमीसारखं हसून दार उघडलं, कट्ट्याची शिवण उसवली, मूठभर तांदूळ घेऊन उजेडात पाहिला. "साफ आहे. एकबी काळा दाणा नाही. मशीन चांगलं आहे तुमचं."

"तुझं आहे, आत्या."

"होय नं, माहंच." ती थोडा वेळ तांदळात बोटं फिरवत राहिली. "पोरी, एक आयकशीन का? पुढच्या सालापासून कट्टा नोको आणू. माह्या एकटीच्या पोटाले किती लागते? त्याचे पैसे तुह्याजवळ जमा ठेव. एकर नोको मले आता. एक बांधी झाली तरी पुरे, धानाचा पाव एकर तुकडा. तुले तर येते हिशेब. सांग बरं, किती साल लागतीन?"

वर्षाला दोन हजार. तेवढी एक बांधी आजच्या भावानं दोन लाखांची. हा भागाकार करायला तक्ता लागत नाही. शंभर वर्षं. आत्या अडुसष्ट वर्षांची आहे.

"सांग ना वं."

"फार नाही, आत्या," मी म्हणाले. "पाच-सहा."

"मंग जमते!" तिचा चेहरा उन्हाळ्यातल्या त्या सकाळसारखा खुलला. ती उठली, देव्हाऱ्याच्या खणातून चष्मा आणि एक कोरा कागद घेऊन आली, कागद माझ्या मांडीवर ठेवला. "लिहून ठेव बाप्पा सगळं, नाहीतं तुम्ही लोक विसरता." मी लिहिलं. दरसाल एक कट्टा, त्याचे पैसे जमा, एका बांधीसाठी. अक्षर वाकडं येत होतं. तिनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सही कुठं करू?"